लोफर आणि त्याचे भाऊबंद

लोफर हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो परका आहे, याची आठवणही वापरणाऱ्याला राहत नाही. चंद्रपूर, मूल किंवा ब्रह्मपुरीच्या बसस्थानकाबाहेर, नाहीतर गडचिरोलीच्या इंदिरा गांधी चौकात, पानठेल्याशी खर्रा घोटत उभ्या असलेल्या पोरांच्या घोळक्याकडे पाहून एखादे वडीलधारे माणूस ‘लोफर कुठले’ असे पुटपुटते, तेव्हा त्या एका शब्दात तीन आरोप असतात: पोरांना कामधंदा नाही, त्यांची चालचलणूक बरी नाही आणि ती घरच्यांचे ऐकत नाहीत. इंग्रजीतील मूळ शब्दात यांपैकी पहिलाच आरोप होता, आणि तोही बराचसा थट्टेच्या सुरात होता. उरलेले दोन आरोप त्याला हिंदुस्थानात येता येता आणि इथे आल्यावर चिकटले, त्यामुळे या शब्दाचा इतिहास म्हणजे एका अर्थी कायदा, रेल्वे आणि सिनेमा यांचाही इतिहास आहे.

इंग्रजी कोशांमध्ये ‘लोफर’ची सर्वांत जुनी नोंद १८३०च्या आसपासची आणि अमेरिकेतील आहे. रिचर्ड हेन्री डाना या लेखकाने १८४० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या समुद्रप्रवासाच्या पुस्तकात किनाऱ्यावर रेंगाळणाऱ्या माणसांसाठी हा शब्द वापरला आहे आणि तो नुकताच घडवलेला अमेरिकी शब्द असल्याचेही सांगितले आहे. तो कशापासून घडला याविषयी अभ्यासकांचे पूर्ण एकमत नाही. मात्र ‘लँडलोपर’ किंवा जर्मन ‘लांटलॉयफर’ या शब्दाचा उत्तरार्ध सुटा होऊन तो बनला असावा, हे मत सर्वांत अधिक मान्य आहे. या दोन्ही शब्दांचा अर्थ मुलूखभर हिंडणारा, घरदार नसलेला माणूस असा होतो आणि त्यांचा उत्तरार्ध धावणे किंवा चालणे या अर्थाच्या धातूवरून आलेला आहे. ही व्युत्पत्ती बरोबर असेल, तर एका जागी टेकून वेळ घालवणाऱ्याला मिळालेले नाव मुळात धावणाऱ्याचे होते. पावाच्या लादीला इंग्रजीत म्हणतात तो ‘लोफ’ मात्र वेगळाच, कित्येक शतके जुना शब्द आहे; दोघांचा उच्चार जुळतो, नाते जुळत नाही.

या शब्दाच्या घडणीत एक व्याकरणाची गंमतही आहे. सामान्यतः आधी क्रिया असते आणि तिच्यावरून कर्ता होतो, जसे लिहिणे आणि लिहिणारा. इथे आधी ‘लोफर’ हे कर्त्याचे नाव आले आणि त्याच्या शेवटचा ‘अर’ हा कर्तृवाचक प्रत्यय आहे असे समजून लोकांनी तो कापला, तेव्हा ‘लोफ’ हे क्रियापद तयार झाले. भाषाशास्त्रात या प्रकाराला प्रतिगामी घडण म्हणतात. काही न करण्याला स्वतःचे क्रियापद असे उलट्या वाटेने मिळाले आणि ते अमेरिकेत इतके रुजले की वॉल्ट व्हिटमनने १८५५च्या ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’मध्ये त्याला कवितेत मानाची जागा दिली. गवताच्या पात्याकडे पाहत निवांत पडून राहणे ही त्याच्या लेखी आत्म्याची मशागत होती. अमेरिकेत हा शब्द असा प्रतिष्ठा मिळवत होता, त्याच सुमारास हिंदुस्थानात तो सरकारी चिंतेचा विषय बनू लागला होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथल्या इंग्रजांच्या तोंडी ‘लोफर’ म्हणजे रिकामा हिंदी माणूस नव्हे. लोफर म्हणजे निर्धन, बेघर गोरा माणूस. लष्करातून मोकळे केलेले शिपाई, जहाज सोडून आलेले खलाशी, ऑस्ट्रेलियातून घोडे घेऊन आलेले आणि परतीचे पैसे नसलेले मोतद्दार, रेल्वेची बांधणी संपल्यावर कामावरून काढलेले कारागीर अशी माणसे मुंबई आणि कलकत्त्याच्या रस्त्यांवर, तसेच लोहमार्गांच्या कडेने गावोगाव भीक मागत फिरू लागली. राज्यकर्त्यांना त्यांच्या दारिद्र्यापेक्षा त्यांच्या दिसण्याची लाज अधिक होती, कारण भीक मागणारा गोरा माणूस पाहिल्यावर गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून १८६९ मध्ये युरोपीय भटक्यांविषयीचा कायदा झाला आणि १८७४ मध्ये तो नव्याने करण्यात आला. युरोपीय वंशाचा जो माणूस भीक मागताना, किंवा रोजगार अथवा उपजीविकेचे दृश्य साधन नसताना भटकताना आढळेल, त्याला पकडून सरकारी श्रमगृहात ठेवावे, काम मिळते का पाहावे आणि न मिळाल्यास जहाजात बसवून देशाबाहेर पाठवावे, असा त्याचा मथितार्थ होता. रडयार्ड किपलिंगची १८८८ मधील ‘द मॅन हू वुड बी किंग’ ही कथा अशाच दोन लोफरांची आहे आणि तिची सुरुवात रेल्वेच्या डब्यात होते, हे त्या काळाला धरूनच आहे.

आज चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत विभागलेला तेव्हाचा चांदा जिल्हा या रहदारीच्या अगदी टोकाला होता. वरोऱ्याची कोळसा खाण आणि तिच्यासाठी वर्ध्याहून आणलेला लोहमार्ग यांमुळे त्या काळातच रूळ जिल्ह्याच्या पश्चिम कडेपर्यंत पोहोचले. वैनगंगेपलीकडचे जंगल मात्र त्यांच्या आवाक्याबाहेर राहिले. जिल्ह्याचे नाव चांद्याचे चंद्रपूर झाले ते १९६४ साली, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याचा पूर्वेकडील, दोन तृतीयांशाहून अधिक वनाच्छादित भाग वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला.

गोऱ्या लोफराविषयीच्या कायद्याशेजारी त्याच काळातला दुसरा कायदा ठेवून पाहण्याजोगा आहे. १८७१ मध्ये, म्हणजे युरोपीय भटक्यांच्या दोन कायद्यांच्या मधोमध, गुन्हेगार जमातींचा कायदा आला. आधी तो उत्तरेकडील प्रांतांपुरता होता आणि १९११ पासून साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करण्याजोगा झाला. भटकणाऱ्या गोऱ्याला त्या काळाचे सरकार दुर्दैवी व्यक्ती समजत होते, आणि भटकणाऱ्या हिंदी माणसाच्या संपूर्ण जमातीला जन्मजात गुन्हेगार ठरवत होते. पहिल्याला श्रमगृह आणि जहाजाचे तिकीट मिळाले, दुसऱ्याला पोलिसांची हजेरी. हा दुसरा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि त्यातून सुटलेल्या जमातींना ‘विमुक्त’ हे नाव मिळाले. तरीही ‘उपजीविकेचे दृश्य साधन नसताना भटकणे’ हा शब्दप्रयोग काही मेला नाही. १९५९च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यात भीक मागण्याची जी व्याख्या आहे तिच्यात तो जवळपास तसाच सापडतो. कायदा करणाऱ्यांना माणूस काय करतो यापेक्षा तो काहीच करताना दिसत नाही, याचीच भीती अधिक वाटत आली आहे.

‘लोफर’ हा शब्द साहेबाच्या क्लबातून मराठी घरात नेमका कोणत्या वाटेने उतरला हे पायरीपायरीने दाखवता येत नाही, पण तो खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचवण्यात हिंदी चित्रपटाचा वाटा मोठा आहे, यात शंका नाही. १९७३ मध्ये धर्मेंद्र आणि मुमताज यांचा ‘लोफर’ या नावाचाच चित्रपट आला आणि त्याचा नायक गुन्हेगारी जगातला होता. रेंगाळणाऱ्याला गुंडगिरीची झाक आणि प्रेमवीराचा रुबाब हे दोन्ही रंग पडद्याने दिले. मराठीनेही मग त्याला घरचेच प्रत्यय लावून ‘लोफरपणा’ आणि ‘लोफरगिरी’ असे शब्द घडवले. परक्या शब्दाला भाववाचक नाम होता आले, की तो भाषेत कायमचा राहायला आला असे समजावे. या रांगेत त्याच्या आधीपासून आणखी एक पाहुणा बसलेला होता. अरबीत ‘मौला’चे अनेकवचन ‘मवाली’ होते आणि त्याचा अर्थ आश्रित किंवा मुक्त केलेले दास असा होत असे. मराठीत येईपर्यंत त्याचे एकवचनही झाले आणि अधःपतनही. लोफराचे नशीब एका बाबतीत बरे निघाले: नॉर्वेतील कोळ्यांच्या पादत्राणांच्या धर्तीवर बनवलेले, नाडीविना पायात सरकवायचे बूट १९३०च्या दशकात अमेरिकेत या नावाने विकले जाऊ लागले, त्यामुळे ज्या घरात मुलाला लोफर म्हटलेले खपत नाही त्याच घरात लग्नासाठी त्याला लोफर घेऊन दिले जातात.

लोफराचा एक चुलत भाऊ इंग्रजी कायद्यात अधिक वापरला गेला, तो म्हणजे ‘लॉयटर’, म्हणजे सार्वजनिक जागी विनाकारण घुटमळणे. हा शब्द मध्ययुगीन डचमधून आला आणि तिथे त्याचा मूळ अर्थ सैल झालेल्या वस्तूसारखे, हलणाऱ्या दातासारखे डुगडुगणे असा होता. हलणाऱ्या दाताची ही प्रतिमा इतकी नेमकी आहे की तिच्यापुढे मराठीतील ‘घुटमळणे’सुद्धा फिके वाटावे: दात जागेवरच असतो, पण आपल्या कामाशी घट्ट बांधलेला नसतो आणि म्हणून सगळ्यांचे लक्ष त्याच्याकडे जाते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतील सार्वजनिक जागांचा अभ्यास करून २०११ मध्ये ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक लिहिले, त्यात त्यांनी रेंगाळण्याकडे हक्क म्हणून पाहिले. स्त्री रस्त्यावर असेल तर तिच्या हातात पिशवी, कडेवर मूल किंवा कानाला फोन असावा लागतो, म्हणजेच तिला आपल्या तिथे असण्याचे कारण सतत दाखवावे लागते, असे त्यांचे निरीक्षण आहे. ते मुंबईपुरते नाही. पूर्व विदर्भातील कोणत्याही पानठेल्यापुढे उभ्या माणसांची गणती केली तर ती पुरुषांचीच भरते. तंबाखू, सुपारी आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यावर घोटून केलेला खर्रा बायकाही खातात, पण तो खाण्यासाठी तिथे उभ्या राहत नाहीत. लोफर या शब्दाला मराठीत स्त्रीलिंगी रूप रुजले नाही त्याचे कारण व्याकरणात शोधण्यापेक्षा या ठेल्यापाशी शोधणे बरे.

लोफर हा तसा उशिरा आलेला शब्द. त्याच्याखाली जुन्या शब्दांचा एक थर आहे आणि तो अधिक खोल नेणारा आहे. इंग्रजीत ‘आयडल’ म्हणजे निरुद्योगी. जुन्या इंग्रजीत मात्र त्याचा अर्थ केवळ ‘रिता’ असा होता. बायबलाच्या उत्पत्तिग्रंथाच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात आरंभीच्या ओसाड पृथ्वीला हेच विशेषण लावले आहे, आणि त्या वेळी पृथ्वी आळशी होती असे भाषांतरकाराला नक्कीच म्हणायचे नव्हते. त्याच वाक्यात आलेल्या दुसऱ्या विशेषणापासून आजचा ‘एम्प्टी’ हा शब्द झाला आणि त्याची गोष्ट नेमकी उलटी आहे: तो सवड या अर्थाच्या नामावरून बनला आणि मुळात मोकळ्या, कामात नसलेल्या माणसाला लावला जाई. भांड्याचा शब्द माणसाकडे गेला आणि माणसाचा भांड्याकडे आला. दोन शब्दांनी एकमेकांची घरे अशी बदललेली क्वचितच पाहायला मिळतात.

मराठीने मात्र एकाच शब्दात दोन्ही घरे ठेवली. संस्कृतातील ‘रिक्त’ या शब्दाच्या कुळातून आलेला ‘रिकामा’ हंड्यालाही चालतो आणि माणसालाही. ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ या म्हणीत तर रिकामपण आणि आळस यांतला फरक स्पष्ट दिसतो, कारण तो न्हावी आळशी मुळीच नाही. गिऱ्हाईक नसल्यामुळे त्याच्या हातांना चैन पडत नाही, एवढेच. शरीरातले दूषित रक्त ओढून काढण्यासाठी लावायची ती तुंबडी, आणि ती भिंतीला लावणारा माणूस म्हणजे कसबाला वाव न मिळालेला कारागीर. आळशाची म्हण वेगळी आहे: ‘खायला काळ आणि भुईला भार’. मराठी भाषा बेरोजगार कारागिराची थट्टा करते आणि ऐतखाऊचा तिरस्कार करते. लोफर या शब्दाने ही दोन्ही माणसे एकाच पोत्यात भरली, हे त्या शब्दामुळे झालेले खरे नुकसान आहे.

विदर्भात रिकाम्याला आणखी एक जोडीदार आहे. ‘खाली आहे का?’ हा प्रश्न नागपूर-चंद्रपूरकडे ‘सवड आहे का?’ किंवा ‘काही काम नाही ना?’ अशा अर्थाने विचारला जातो. हा ‘खाली’ अरबीतला, हिंदीमार्गे आलेला, आणि त्याचाही मूळ अर्थ रिता असाच. प्रमाण मराठीतील ‘खाली’ हे स्थलवाचक अव्यय याच्याशी उच्चाराने जुळते पण कुळाने नाही. त्यामुळे ‘तो खाली बसला आहे’ हे वाक्य पुण्यात ऐकणारा त्याच्यासाठी खुर्ची शोधेल, तर चंद्रपुरात ऐकणारा काम शोधील. इंग्रजी, संस्कृत आणि अरबी या भाषांनी निरुद्योगी माणसाकडे पाहताना रित्या भांड्याचीच प्रतिमा निवडावी, हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही. भांडे रिते आहे असे म्हणणाऱ्याच्या मनात ते भरण्याचा विचार असतो, आणि कशाने भरायचे हे सहसा भांडे ठरवत नाही.

याचा पुरावा ‘बेकार’ आणि ‘बेगार’ या जोडीत आहे. फारसीत ‘कार’ म्हणजे काम आणि ‘बे’ म्हणजे विना. काम नसलेला तो बेकार. ‘बेगार’ हे त्याच घटकांचे दुसरे रूप मानले जाते, परंतु त्याचा अर्थ सक्तीने, मोबदल्याविना करून घेतलेले काम असा झाला. मराठीने ते ‘बिगार’ केले आणि संस्कृत ‘विष्टि’पासून आलेल्या ‘वेठ’ या समानार्थी शब्दाला जोडून ‘वेठबिगार’ असा दुहेरी शब्द बनवला, जणू एका शब्दात ते ओझे मावत नव्हते. व्युत्पत्तीने सख्खे असलेले हे दोन भाऊ व्यवहारात एकमेकांचे कारण होते: ज्याला बेकार ठरवता येते त्याच्याकडून बेगार घेता येते. मध्य प्रांतातील राखीव जंगलांत वनखात्याने जी वनग्रामे वसवली, त्यांत रहिवाशांना जमीन कसू देण्याची अटच अशी होती की खाते बोलावील तेव्हा त्यांनी खात्याच्या कामावर हजर व्हावे, मग तो हंगाम त्यांच्या स्वतःच्या पेरणीचा का असेना. १८६५, १८७८ आणि १९२७ या तीन वनकायद्यांनी जंगलाचा मालक बदलला, तसा जंगलात फिरण्याचा अर्थही बदलला. गुरे चारणे, काटक्या वेचणे, नुसते हिंडणे हे पिढ्यान्‌पिढ्यांचे व्यवहार राखीव जंगलात अतिक्रमण ठरू लागले. लोफर या शब्दाचे मूळ ‘मुलूखभर फिरणारा’ हे असेल, तर या कायद्यांनी आपल्याच मुलखात फिरणाऱ्याला लोफर केले असे म्हणता येईल.

गोंड आणि माडिया लोकांविषयी, विशेषतः त्यांच्या फिरत्या शेतीविषयी, इंग्रज अधिकाऱ्यांच्या लिखाणात आळसाचा आरोप पुन्हा पुन्हा येतो. डोंगरउतारावरचे झाड-झुडूप तोडून जाळायचे, राखेत बी फेकायचे, दोन-तीन वर्षांनी ती जागा सोडून दुसरीकडे जायचे, या पद्धतीला माडिया भागात पेंडा म्हणतात. नांगर नाही म्हणजे कष्ट नाहीत, असा नांगर पाहण्याची सवय असलेल्या डोळ्यांचा समज होता. कुऱ्हाडीने उतार साफ करणे, रात्री मचाणावर बसून रानडुकरांपासून पीक राखणे हे त्या डोळ्यांना काम दिसले नाही. असा समज केवळ इथलाच नव्हता. सय्यद हुसेन अलातास यांनी १९७७च्या आपल्या ग्रंथात मलाया, जावा आणि फिलिपाईन्स येथील ‘आळशी स्थानिक’ ही कल्पना वसाहतींच्या मळ्यांना मजूर हवे असताना कशी घडली हे दाखवले आहे: जो माणूस मळ्यावर येत नाही तो आळशी, मग तो आपल्या शेतात दिवसभर राबत का असेना. मार्शल सालिन्स या मानववंशशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात दुसऱ्या टोकाचे मत मांडले. कलहारीच्या वाळवंटातील शिकार आणि फळे-मुळे यांवर जगणारे लोक अन्न मिळवण्यासाठी आठवड्याला साधारण १५ तास देतात, या रिचर्ड ली यांच्या मोजणीच्या आधारे त्याने अशा समाजांना मूळचे संपन्न समाज म्हटले. पुढे टीकाकारांनी दाखवून दिले की त्या तासांत कुटणे, सोलणे, शिजवणे आणि सरपण आणणे धरलेलेच नव्हते. ही टीका रास्त आहे; कोणाचे काम मोजले जाते आणि कोणाचे निसटते हाच तर सगळा वाद आहे, आणि निसटलेले काम बहुधा बायकांचे निघते.

गडचिरोलीच्या उन्हाळ्यात हे निसटणे डोळ्यांनी पाहता येते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले रात्रीच्या शेवटच्या प्रहरापासून गळू लागतात आणि ऊन चढेपर्यंत गळत राहतात. गुरे आणि हरणे पोहोचण्याआधी ती वेचावी लागतात, म्हणून घरेच्या घरे पहाटे अंधारात टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. त्यापाठोपाठ तेंदूपत्त्याचा हंगाम येतो आणि तो जेमतेम काही आठवड्यांचा असतो. पहाटे पाने तोडायची, दुपारी सावलीत बसून ७० पानांचा एक पुडा याप्रमाणे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे खरेदीच्या ठिकाणी, मोजून द्यायचे. असे १,००० पुडे झाले की एक प्रमाण गोणी भरते. म्हणजे ७०,००० पाने, आणि त्यातले प्रत्येक पान हाताखालून गेलेले. सकाळी ११ वाजता जीपमधून गावात उतरणाऱ्या पाहुण्याला मात्र दिसतात ती झाडाखाली, ओसरीत, खाटेवर बसलेली माणसे. कामाचा निम्मा भाग तो झोपेत असताना उरकलेला असतो आणि उरलेला निम्मा त्याला गप्पांसारखा दिसतो, कारण पुडे बांधताना गप्पा होतातच.

या भागात बसण्याची ठरलेली जागाही आहे. माडिया आणि गोंड गावांतील गोटुल ही तरुण मुलामुलींनी एकत्र जमण्याची, नाचगाण्याची आणि वडीलधाऱ्यांकडून शिकण्याची जागा. व्हेरियर एल्विन यांचा १९४७ मधील गाजलेला ग्रंथ शेजारच्या बस्तरमधील मुरियांच्या गोटुलाविषयी आहे, आणि त्यानंतर बाहेरच्या जगाने गोटुलाकडे जवळजवळ फक्त कामजीवनाच्याच कुतूहलाने पाहिले, हे त्या संस्थेचे दुर्दैव. मुळात ती सवडीची संस्था आहे. ग्रीक भाषेत सवडीला ‘स्खोले’ म्हणत, सवडीत होणाऱ्या चर्चेलाही तेच नाव मिळाले आणि त्यापासून इंग्रजीतील ‘स्कूल’ झाले. लॅटिनमध्ये तर सवडीला स्वतंत्र शब्द होता आणि व्यवसायाला केवळ ‘सवड नसणे’ अशा नकारार्थी शब्दावर भागवावे लागले. धानोरा तालुक्यातील मेंढा या गावाने, जे मेंढा-लेखा म्हणून देशभर माहीत झाले, देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांतून गोटुलाला नवे रूप दिले आणि त्याच्या जोडीला अभ्यासगटाची पद्धत रुजवली. अभ्यासगटात बसून फक्त बोलायचे असते, निर्णय घ्यायचा नसतो. निर्णय नंतर ग्रामसभेत आणि सर्वांच्या सहमतीने होतो. ज्या बैठकीतून काही निष्पन्न करायचेच नाही अशी बैठक हा कार्यालयीन दृष्टीने वेळेचा अपव्ययच. वनहक्क कायद्याचा अर्थ मात्र या गावाने अशाच बैठकांतून उलगडला, २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला आणि एप्रिल २०११ मध्ये स्वतःचा बांबू विकण्यासाठी लागणारे वाहतूक परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आणला.

वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरच्या भातपट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत, सवडीचे दुसरे पीक येते. इथली शेती धानाची आणि तलावांच्या पाण्यावरची. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी, दिवाळीच्या पुढेमागे कापणी, मग मळणी, आणि त्यानंतर ज्याच्याकडे दुबार पिकाला पाणी नाही त्याचे शेत पुढच्या पावसापर्यंत उघडे. रोजगार हमीच्या भाषेत हे बेकारीचे महिने आहेत. झाडीपट्टीच्या भाषेत ते मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे, शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतींचे, आणि नाटकाचे महिने आहेत. देसाईगंज, म्हणजे वडसा, इथे नाट्यमंडळांची कार्यालये थाटली जातात, गावोगावचे आयोजक येऊन तारखा ठरवतात आणि भाऊबीजेपासून होळीच्या आसपासपर्यंत रात्री नऊ-दहाला सुरू झालेले प्रयोग पहाटेपर्यंत चालतात. एकेकाळी दंडार आणि खडी गंमत या लोककलांवर पोसलेला हा प्रेक्षक आज तिकीट काढून नाटक पाहतो, आणि या रंगभूमीवरचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. नाटकाच्या हंगामात नट, वादक, पडदेवाले, मंडपवाले, चहा-भज्यांचे ठेलेवाले या सर्वांना काम मिळते ते इतरांना सवड असते म्हणून. शेजारच्या गावात जागरण करून सकाळी ओसरीत पेंगणाऱ्याला लोफर म्हणणारा बाप रात्री त्याच मंडपात पुढच्या रांगेत बसलेला असतो, ही गोष्ट झाडीपट्टीत कोणाला विसंगत वाटत नाही.

होळीच्या सुमारास प्रयोग विरळ होत जातात, नाट्यमंडळांचे ट्रक वडशाला परततात आणि जंगलाकडच्या गावांत मोहाच्या झाडांखालचा पालापाचोळा झाडून जागा साफ होऊ लागते. पहाटे घराबाहेर पडताना माणसांच्या हातांत रिकाम्या टोपल्या असतात.